पायरीवरच्या गोष्टी

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई शिवांजलीला म्हणाल्या, "स्त्रीबीजं वाढवायला यंदा छोटा कोर्स करू. इंजेक्शनं निम्मी, गुण तेवढाच." सुट्टीवरचा फौजी नवरा वीरधवल खूश झाला. तिला मात्र मागचा लांबलचक कोर्स आठवला. तेव्हा आष्ट्याच्या घरी सासूच रोज पोटावर सुई टोचायची. मोसंबीवर टोचून शिकली होती. मग दोघी पायरीवर बसायच्या. सासू वीरधवलच्या जन्माआधीची रिकामी वर्षं सांगायची, "माज्या टायमाला नुसते उपास व्हते गं. तुजी सुई बरी." गर्भ राहिला नाही, पण सासूसुना मैत्रिणी झाल्या. पुढं सासू वारली. हे आठवून दवाखान्यातच शिवांजलीचे डोळे भरले. "भ्यालीस व्हय?" वीरधवलनं विचारलं. "न्हाई. आत्याबाईंची लय आठवण आली." छोटा कोर्स ठरला. परतीच्या एसटीत तिनं पायरीवरच्या गोष्टी सांगितल्या. लेकापाशी त्या कधीच निघाल्या नव्हत्या. आष्टा आलं तरी तो उठेना. "आजून सांग."