राहिलेली मात्रा

“परत उशिरा आलास.” ताईने कीबोर्डवरचे हात उचलले. “एका मात्रेने. मोजून एका.”

ड्रमच्या मागे बसलेल्या धाकट्या भावाने मान डोलावली. “आलो खरा.”

“खरा काय? गेले सहा रविवार येतोयस!”

गालिच्यांच्या गोदामात दर रविवारी सकाळी चौघांचा सराव चाले. भिंतींना टेकलेल्या गुंडाळ्या सगळा आवाज पिऊन टाकत. त्यामुळे शेजारी खूश, आणि चौघांच्या कपड्यांना कायम लोकर. गिटारवाले मास्तर शाळेत गणित शिकवत. बेस गिटार दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होती. त्या एरवी लोकांचे दात काढत, इथे स्वतःचे.

बँडला बावीस वर्षं झाली तरी त्याला घर मिळालं नव्हतं. रॉकवाले म्हणत, हा जॅझ आहे. जॅझवाले म्हणत, छे, हे रॉकच. आईकडच्यांनी बापावर गेलंय म्हणून आणि बापाकडच्यांनी आईवर गेलंय म्हणून कडेवर न घेतलेलं पोर. पण येत्या शनिवारी, पहिल्यांदाच, एका मोठ्या महोत्सवाने त्यांना बोलावलं होतं. शेवटी वाजणार होती ताईची एकोणीस मिनिटांची रचना.

सुरुवातीला सगळं लिहून काढलेलं, तेरा-तेरा मात्रांत घट्ट बांधलेलं. मग मधली सात मिनिटं मोकाट, ज्याला जे सुचेल ते. आणि मग कुणी मान न हलवता, बोट न उचलता, चौघांनी एकदम पहिल्या मात्रेवर उतरायचं. ज्याने त्याने मनात तेरा-तेरा मोजत राहायचं. “खुणाच करायच्या असतील तर चौकात उभे राहा, शिट्टी घेऊन,” असं ताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

“अजून एकदा,” ती म्हणाली.

सात मिनिटं उधळून झाली. ताईचे हात हवेत गेले आणि पडले. मास्तर आणि डॉक्टरीणबाई तिच्याबरोबर उतरले, केसाचाही फरक नाही. आणि मागून, एक मात्रा सोडून, धाडकन भावाची झांज.

तिघं एकीकडे, एक दुसरीकडे. चूक कुणाची हे सांगायला गणिताचे मास्तर लागत नव्हते.

“तुम्ही दोघं जरा चहा पिऊन या,” ताई म्हणाली.

“ताई, मी काय म्हणतो...” मास्तरांनी तोंड उघडलं.

“तुम्ही चहा म्हणताय, मास्तर.”

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाहीला धरून बाहेर नेलं. ताई एका गुंडाळीवर टेकली.

“कानाला काही झालंय का रे? खरं सांग.”

“कान ठणठणीत आहेत.”

“मग वय झालं.”

“तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे मी.”

“वय काय रांगेत उभं राहून येतं? माझी साठी उलटली. माझी चुकते का एक तरी मात्रा?”

भाऊ झांजेचा स्क्रू आवळत होता. तो आधीच आवळलेला होता. “नाही, ताई.”

बोलायचं ते एका दमात बोलून टाकावं, म्हणून तिने टाकलं. “शनिवारी मी दुसरी ड्रमर बसवतेय. माझ्याकडे शिकायला येते ती. चोख मोजते. तू राग मानू नकोस.”

त्याने स्क्रूवरचा हात काढला. बावीस वर्षं या शनिवारची वाट त्यानेही पाहिली होती.

“शर्ट शिवलाय मी,” तो म्हणाला. “असू दे. प्रेक्षकांत बसून घालीन.”

“वेडा कुठला.”

“तिला सरावाला कधी बोलवतेस?”

“उद्या.”

“मग मीही येतो. ते उतरायचं कसं, ते तिला बाजूला घेऊन नीट समजावतो.”

“तू समजावणार? उतरायचं?” ताईला हसू फुटलं. मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि लहानपणी विस्कटायची तसे तिने त्याचे केस विस्कटले. त्यानेही विस्कटू दिले. काठ्या पिशवीत घालून तो निघून गेला.

ताईला हलकं वाटलं. कुणीतरी कठोर व्हायला हवंच होतं, आणि या बँडमध्ये ते काम कायम तिच्याच वाट्याला येई. शनिवारी रॉकवाले आणि जॅझवाले दोघंही तोंडात बोटं घालतील, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

नव्या मुलीला दाखवायला लिहिलेली प्रत लागेल, म्हणून तिने मास्तरांच्या स्टँडवरची उचलली आणि शेवटचं पान उघडलं. उतरायच्या जागेशी समासात पेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं. अक्षर मास्तरांचं नव्हतं. डावीकडे कललेलं ते अक्षर, तिने स्वतः कित्ता गिरवून घेऊनही कधी सरळ झालं नव्हतं.

“ताई इथे बारा मोजूनच उतरते. तुम्ही दोघं तिच्याबरोबर उतरा. राहिलेली मात्रा मी मागून भरतो. तिला कळू देऊ नका.”