आईनं बघितलेली मॅच

बर्फावरची हॉकी खेळता खेळता राजनंदिनीचा पुढचा एक दात लडाखात राहिला, पण पोरीनं भारताचा संघ गाठला. या सुट्टीला ती इस्लामपूरला आली, तेव्हा आई मोबाइलवर तिची मॅच बघायला बसली.

"ही पोरगी एकटीच कडंला का गं बसलीया?"

"तिनं दुसरीला काठी मारली, आई. मारणारीला दोन मिन्टं भाईर बसवत्यात."

"आन् मार खाल्लेलीला?"

"तिला कशाला? ती खेळती की."



दुसऱ्याच दिवशी थोरली संयोगिता सासरहून आली. डोळा काळानिळा, ओठ फाटलेला. मागच्या दोन्ही खेपांना आईनंच "सोसावं लागतं बाई" म्हणत तिला माघारी धाडलं होतं. संध्याकाळी जावई न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, जसं काही घडलंच नाही.

सोप्यात बसलेले चुलते म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. वैनी, जावयाला खुर्ची टाका."

आईनं खरंच खुर्ची उचलली, तशी राजनंदिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पण आई उंबऱ्याबाहेर उभ्या जावयाला वळसा घालून थेट अंगणात गेली आणि खुर्ची तिथं आदळली.

"मारणाऱ्यानं भाईर बसायचं."

"आवं वैनी, जावई हाय त्यो! किती येळ बसवणार?"

आत येऊन आईनं दाराला कडी घातली.



"पोरीच्या खेळात दोन मिन्टं असत्यात. ह्यो खेळ न्हाई."