बारावं पिल्लू

सकाळी रीमाने खोक्यावरची जाळी काढली, पण पिल्लं उठली नाहीत. बारांपैकी अकरा बदकं जागच्या जागी बसून होती. एकाने उठायचा प्रयत्न केला. त्याचे पाय बाहेरच्या बाजूला फाकले आणि ते पंख टेकत, पोटावर सरकत दाण्याच्या थाळीपर्यंत गेलं. खायला मात्र सगळ्यांनी सुरुवात केली.

रीमा शहरात, नारपोलीत वाढलेली. लग्न होऊन शेलार गावी आली त्याला दीड वर्ष झालं होतं. अंगणात आपलं असं काहीतरी असावं म्हणून तिने पडघ्याच्या बाजारातून ही पिल्लं आणली होती. तेव्हाच तिच्या सासूने, काशीने, बजावलं होतं की कोंबडी ठीक, बदक म्हणजे नुसता चिखल, आपण काही त्याला हात लावणार नाही. आताही काशी ओट्यावर बसून खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

शेजारच्या आनंदीबाई डोकावून गेल्या. पायांवरून वारं गेलंय, आता ही उठायची नाहीत, उगाच हाल करू नका, असं त्यांचं म्हणणं पडलं. रीमाने मान डोलावली आणि आत जाऊन गुरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या धम्मदिनाला फोन लावला.

दहाच्या सुमारास धम्मदिना स्कूटरवरून आली. अंगणातच मांडी घालून बसली आणि एकेक पिल्लू हातात घेऊन बघू लागली. डोळे स्वच्छ होते, नाक कोरडं होतं, विष्ठा ठीक होती. पायाचा मधला सांधा तेवढा सुजलेला, आणि नळीचं हाड किंचित वाकलेलं. तिने थाळीतले दाणे चिमटीत घेतले आणि हे कसलं खाद्य म्हणून विचारलं. कोंबडीच्या पिल्लांचं, रीमा म्हणाली, दुकानदाराने चालेल म्हणून सांगितलं होतं.

धम्मदिना उठणार तेवढ्यात ओट्यावरून एक पिल्लू उडी मारून खाली आलं. अंगणातून तुरुतुरु चालत गेलं, पाण्यात चोच बुडवली आणि तसंच ओट्याकडे परत गेलं.

"हे यांच्यातलंच?"

यांच्यातलंच, रीमा म्हणाली. एकाच खोक्यातून आणलेलं. खाद्य तेच, पाणी तेच. फक्त हे सारखं जाळीतून निसटतं.

"मग हे बाहेर काय खातं?"

रीमाला ते माहीत नव्हतं. काशीचा हात सुपातल्या तांदळावर थांबला.

"जवळा," ती म्हणाली. "सुकट निवडाय बसते तवा येतं नि पायाशी बसतं. मंग काय हाकलू?"

"किती दिवस झाले, मावशी?"

"आलं त्या दिवसापास्नं." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. मग कुणी काही विचारलं नसताना ती म्हणाली, "दुपारचं माज्या पदरात निजतं. त्याला एकट्याला करमत न्हाय."

रीमाने सासूकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. धम्मदिनाही हसली. काशीने आधी रागाने सूप झटकलं, मग तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते.

रोग नव्हता. बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी जास्त लागतं, धम्मदिनाने समजावलं. कोंबडीच्या खाद्यात ते पुरत नाही, म्हणून वाढत्या अंगाचा भार पायांना पेलत नाही. मासळीत ते असतं. या एकाचं काशीच्या जवळ्यावर भागलं होतं. धम्मदिनाने मेडिकलमधून आणायच्या गोळीचं नाव लिहून दिलं, किती पाण्यात विरघळवायची ते सांगितलं, आणि पाणी रोज नवीन घ्यायला बजावलं. जवळा आधी धुऊन खारटपणा काढायचा, भिजवून मऊ करायचा. गुळगुळीत लादीवर पाय घसरतात, म्हणून खाली गोणपाट टाकायचं. उशीर झाला असता तर पाय तसेच राहिले असते, ती म्हणाली. अजून वेळ गेलेली नाही.

तिसऱ्या दिवशी चार पिल्लं उभी राहिली. पाचव्या दिवशी दहा. सगळ्यात बारकं मात्र बसूनच होतं. काशी त्याला दुपारी घमेल्यातल्या कोमट पाण्यात सोडायची, पोटाखाली तळहात धरायची आणि त्याचे पाय हलतात का ते बघत राहायची. मग पुसून उन्हात ठेवायची. रीमा स्वयंपाक करता करता मध्येच येऊन बघून जायची.

आठव्या दिवशी काशी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचे हात ओले होते.

"चल," ती हळूच म्हणाली. "पर आवाज करू नको."

गोणपाटावर ते बारकं पिल्लू उभं होतं. सगळं अंग थरथरत होतं. दोन पावलं टाकून ते कोसळलं. रीमा पुढे झाली, तर काशीने तिचा हात धरून ठेवला. पिल्लू पुन्हा उठलं, या खेपेला चार पावलं चाललं, आणि पाचव्याला इतरांच्या गर्दीत शिरून दिसेनासं झालं. काशीने धरलेला हात सोडला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात दोघींनी बाराही पिल्लं घरामागच्या तळ्याकडे नेली. पाण्याचा वास लागताच पिल्लांनी रांग मोडली आणि ती तळ्याकडे सुसाट सुटली. आनंदीबाई बांधावर गवत कापत होत्या. त्यांनी कंबर सरळ केली आणि काशीला विचारलं, चालायला लागली का गं?

काशीने कासोटा वर खोचला होता आणि ती रीमाच्याही पुढे होती.

"चालतात कुठं," धापा टाकत ती म्हणाली, "चालली असती तर गावली असती."