निरोपाचं गाणं

नायिका म्हणून केलेला तिचा एकुलता एक सिनेमा आपटला आणि त्यानंतर तिला कोणी दारातही उभं केलं नाही. आता म्हातारपणी लेक म्हणाली, "आई, चल तर खरं. लोक वेडे झालेत त्या सिनेमापायी. दर महिन्याला खेळ लावतात आणि पडद्याबरोबर सगळे गातात."

दोघी गुपचूप मागच्या रांगेत जाऊन बसल्या. पोरी सिनेमातल्या तिच्यासारख्याच दोन वेण्या घालून, तसाच पिवळा झगा चढवून आल्या होत्या आणि खुर्च्यांमधल्या वाटेत नाचत होत्या.

"अगं, यांना माझा शब्दन् शब्द पाठ आहे," ती लेकीचा हात दाबत म्हणाली.

मग निरोपाचं गाणं आलं. पडद्यावरची नायिका गाता गाता दाराला धरून हमसून रडायला लागली, तसे सगळ्यांनी रुमाल काढले आणि खोटे खोटे गळे काढत, पोट धरधरून हसू लागले.

पुढच्या रांगेतल्या पोरीने वळून तिच्याही हातात एक रुमाल दिला. "घ्या ना आजी, इथे सगळ्यांनी रडायचं असतं. हिरो नुसता चार दिवस गावाला चाललाय, आणि ही बया बघा कशी ऊर फुटेस्तोवर रडतेय!"

लेकीचा चेहरा उतरला. "चल आई, निघू या."

 

"थांब गं. तुझी थोरली बहीण पाळण्यातच गेली, त्याच आठवड्यातलं शूटिंग आहे हे. तिच्यासाठी मला रडायला मिळालं ते तेवढंच."