दुसरं व्हायोलिन

देवाजीभाऊंच्या व्हायोलिनवर तारांखाली राळेची पांढरी भुकटी साचली होती. अन्नपूर्णानं ती बोटाच्या टोकावर घेऊन पाहिली. गज जोरानं घासल्याशिवाय इतकी भुकटी पडत नाही. मग आवाज इतका बारीक का येतो?

उत्तर एकच होतं, आणि ते तिला नको होतं. स्वतःचं वाजवणं ऐकू येईनासं झालं की हात दाबायला लागतो. तार गुदमरते.

"काय पाहून राह्यल्या, बाई? झाडू मारता का त्याच्यावर?" देवाजीभाऊ ओरडले. हल्ली ते असेच बोलायचे, समोर येऊन, मोठ्यानं.

"हळू बोला ना, भाऊ. मी इथीच हाय."

किबोर्डवर बसलेली रीना हसली नाही. ती देवाजीभाऊंची नात. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकायची, आणि रविवारी तिथेच कार्यक्रम होता.

अन्नपूर्णा गावाबाहेरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तालीमही तिथेच चालायची. व्हायोलिन ती नागपूरला बी.एस्सी. करताना शिकली, कागदावरची सुरावट वाचून. देवाजीभाऊंना तो कागद वाचता येत नव्हता. सारा जन्म त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवलं होतं, एकदा ऐकलं की उचलायचं. युरोपातल्या जुन्या, बरोक काळातला हा कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासह दोन व्हायोलिनांची रचना, तिनं त्यांना तसाच शिकवला, तुकडा तुकडा वाजवून. बाकीच्या वाद्यांचा भाग रीना सांभाळायची.

या संगीतात दोन व्हायोलिनांपैकी कुणी साथीला नसतं. पहिलं व्हायोलिन एक वाक्य म्हणतं, दुसरं तेच उचलतं, तोवर पहिलं पुढे गेलेलं असतं. जुगलबंदीसारखी चढाओढ नाही.

"हे दोघं नवराबायको असतीन," देवाजीभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "एकाचं बोलून होत नाई, त दुसरं तेच बोलते."

आज तिघांनी मधला संथ भाग घेतला. तिथे एकाचा सूर दुसऱ्याच्या सुराला घासून थांबतो आणि दुसरा सरकला की मोकळा होतो. तो सल आणि ती सुटका यासाठीच अन्नपूर्णाला हा भाग आवडायचा. दुसऱ्याचं ऐकू आलं नाही तर तिथे काहीच उरत नाही.

हनुवटीखाली तिचं व्हायोलिन भरून वाजत होतं. सकाळीच तिनं नववीच्या वर्गात नादकाटा हनुवटीला टेकवून दाखवला होता. हाडातूनही नाद जातो, म्हणाली होती. पण देवाजीभाऊंचा सूर भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता. ते तिच्या गजावर डोळे लावून होते. पायानं लाकडी मंचावर ठोके देत होते, ते तिच्या तळपायांना जाणवत होते. नाटकाच्या तालमीत नवख्याला देतात तसे ठोके. त्यांना आता स्वतःलाच ते लागत होते.

एका जागी सूर सुटले. सगळे थांबले.

रीनानं खाली मान घालून आजोबांना काहीतरी म्हटलं. अन्नपूर्णाला शब्द कळले नाहीत. देवाजीभाऊंनी नकारार्थी मान हलवली. म्हणजे घरातही कळलं होतं.

"काय म्हणते पोरगी?"

"काई नाई," देवाजीभाऊ मोठ्यानं म्हणाले. "आबाजी म्हातारे झाले म्हणते. तिच्या बापाले सांगतो, हुंडा नको, पोरगी घेऊन जा म्हणा कोनाले!"

रीना या वेळीही हसली नाही. तिचे डोळे भरले होते. ती ब्रह्मपुरीच्या जीपकडे निघून गेली.

कार्यक्रम बिघडला तर लोक हसतील, फार तर. अन्नपूर्णाची भीती वेगळी होती.

शाळेपासून गावापर्यंतचा रस्ता सागाच्या जंगलाला लागून जायचा. गावातली बुधरी मोहफुलं वेचायला त्याच रस्त्यानं गेली होती. तिची टोपली तेवढी सापडली. इथे माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी चालतो. वाघ दिसत नाही. त्याला पाहून झाडावरचं वानर खोकल्यासारखं ओरडतं आणि माणसं जागच्या जागी थांबतात. ज्याला ते ऐकू येत नाही, तो चालत राहतो.

आणि देवाजीभाऊ तर हल्ली रोज तिला न्यायला यायचे, तालीम असो वा नसो. ती नको म्हणायची नाही. परतताना तरी त्यांच्याजवळ तिचे कान असायचे.

पण सांगायचं कसं? कानावर जगलेल्या वादकाला कान गेले म्हणणं म्हणजे व्हायोलिन खुंटीला टांगा म्हणणं. उन्हाळा लागल्यापासून ती हे उद्यावर ढकलत होती.

ऊन उतरलं होतं. रस्त्यावर सागाची वाळकी पानं पसरली होती. नाल्याच्या वळणावर देवाजीभाऊंनी एकदम तिचा दंड धरला. बोटं रुतली.

"काय झालं?"

त्यांनी वर पाहिलं. ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर एक वानर पाठमोरं बसलं होतं, तोंड नाल्याकडे. थोड्या थोड्या वेळानं त्याचं अंग हिसका बसल्यासारखं हलत होतं. अन्नपूर्णानं श्वास रोखून कान दिला. जंगल शांत होतं. पानाचीही सळसळ नव्हती.

ज्याला ऐकू येत नाही, त्याला प्रत्येक झुडपात वाघ दिसणारच. आता नाही तर कधीच नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "रविवारी आपण वाजवाचं नाई. आन या रस्त्यानं तुमी एकटं याचं नाई. मले किती दिवसांचं सांगाचं होतं. तुमचे कान गेले."

देवाजीभाऊ रागावले नाहीत. नाल्यावरची नजर न काढता त्यांनी तिला हळूहळू दोन पावलं मागे ओढलं, आपल्या पाठीशी घेतलं. मग मान वळवून तोंड तिच्या डोळ्यांसमोर आणलं.

"रीनाले रोज म्हणत होतो, आज बाईले सांगतो म्हणून," ते म्हणाले. "वांदर कधीचं खोकून राह्यलं, बाई. तुमाले आयकू नाई येत."