हौसाबाईची हाक

नदीकाठच्या भोंग्यातून स्वतःचाच आवाज ऐकून हौसाबाई थबकली. "या रे माझ्या सोन्यांनो, या!" मत्स्यबीज केंद्रात खाणं टाकताना ती महसीर माशांच्या पिल्लांना अशीच हाक मारायची. त्यांच्या डोक्यात बसवलेली चिप फक्त तिचाच आवाज ओळखायची. 'नदीत सोडल्यावर चुकू नयेत म्हणून,' असं केंद्राच्या दिघे साहेबांनी सांगितलं होतं.

आज तेच मासे हाकेमागे धावत जाळ्यात शिरत होते. काठावर बर्फाचे क्रेट भरत होते.

"साहेब, हे काय चालवलंय?" तिनं काठावर उभ्या दिघे साहेबांना विचारलं.

"मावशी, हे मासे आपण गळ टाकायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी सोडतो. उरलेले नदीतल्या माशांत मिसळले तर मूळ वाणच बुडेल. विणीआधी काढावेच लागतात. दरवर्षी."

"दरवर्षी? मग मला खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं, तर इतक्या मायेनं हाक मारली असतीत?"

हौसाबाई लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "जा! माघारी जा! येऊ नका!"

जाळ्याबाहेर राहिलेले मासे सगळेच्या सगळे वळले आणि तिच्या पायांशी येऊन, तोंडं उघडून थांबले.

साहेबांनी भोंगा बंद करायला लावला आणि जाळं तिच्याकडे वळवलं.