विलापाचा तिसरा भाग

"अजून एकदा लाव," सोराखा म्हणाली.

जुन्या धुना जमवणाऱ्या फेस्टीने टेप मागे फिरवली. "तीस वर्षं टपाल वाटलं मी, पण तुझ्याइतकं कुणी पिडलं नाही."

"चहा पी आणि गप्प ऐक, मेल्या."

टेपवर डेलिया आत्याची फिडल सुरू झाली. पहिला भाग, दुसरा भाग, आणि सूर नेहमीसारखा तिथेच तुटला. हे एकाहत्तर सालचं ध्वनिमुद्रण. त्याआधी पॅरिशच्या फादरांनी वहीत उतरवून घेतलेली धूनही दोनच भागांची.

आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या या किनाऱ्यावर विलाप तीन भागांचा. पहिल्यात हाक, दुसऱ्यात रडणं, तिसऱ्यात निरोप. निरोप वाजल्याशिवाय गेलेल्याची वाट मोकळी होत नाही.

तीस साली, सोराखा चार वर्षांची असताना, तिचे वडील, कोलमन, बोस्टनला गेले. पहिल्याच हिवाळ्यात ते न्यूमोनियाने वारले, असं आत्याने सांगितलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिने आईवेगळ्या भाचीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, फिडल शिकवली, भावासाठी बांधला असं सांगून हा विलापही शिकवला. तिसरा भाग मागितला की म्हणायची, "तो काही माझ्याच्याने होत नाही गं." शेवटपर्यंत झाला नाही.

दर नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, सोराखा तो चर्चमध्ये वाजवी. आता चौऱ्याहत्तरी आली होती, बोटं आखडली होती. रविवारच्या मिस्साप्रार्थनेनंतर पुन्हा फिडल धरवेल असं वाटत नव्हतं.

"सत्तर वर्षं अर्ध्या वाटेवर उभे आहेत रे माझे बाबा," ती म्हणाली. "त्यांना पोचवल्याशिवाय मी कुठल्या तोंडाने वर जाऊ?"

फेस्टीने खिशातून कॅसेट काढली. "बोस्टनच्या एका संग्रहातून आलीय. चौतीस सालची घरगुती तबकडी. वाजवणाऱ्याचं नाव नाही. मीही अजून ऐकली नाही."

"आत्याची धून तिकडे कशी गेली?"

"अगं, आपली माणसं बोटीत चढताना ट्रंकेत कपडे कमी आणि धुनाच जास्त भरत."

खरखर झाली. मग फिडल. हाक आली, रडणं आलं. आणि सूर तुटला नाही. तो हळूच वर चढला, थरथरला आणि ओहोटीच्या पाण्यासारखा मागे मागे जात राहिला.

सोराखाची बोटं पदरासारख्या धरलेल्या एप्रनवर आपोआप चालू लागली. तिने क्रूसाची खूण केली. "सापडला," ती पुटपुटली. "बाबा, या रविवारी सुटाल हो तुम्ही."

फेस्टीने डोळे पुसले आणि यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"थांब."

खरखर अजून चालूच होती. कुणीतरी खोकलं. मग एका पुरुषाचा आवाज आला, थेट याच किनाऱ्याच्या बोलीतला.

"डेलियाताई, तुझं पत्र पोचलं. मला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच बांधता आलं. एक तबकडी माझ्यापाशी ठेवतोय, एक तुला धाडतोय. माझ्या सोराखाच्या थडग्यापाशी एकदा पूर्ण वाजव. माझी पोर अर्ध्या वाटेवर राहायला नको."